पाऊण मूठ

हे मी रागानं लिहितेय, आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई सख्ख्या भावाबद्दल असं कसं लिहिते. लिहिते. त्यानं केलं ते केलं, मी निदान लिहिते तरी.

माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. श्रीरामपुरात त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज आहे आणि आमचं घर बेलापूरला. गाडी मी त्याच्याच हाताखाली शिकले, पाटाच्या कडेच्या रस्त्यावर. बाकीच्या पोरींना भाऊ स्कूटी शिकवायचे, हा मला वळण शिकवायचा. "वळनात चाकाकडं बघायचं न्हाई तायडे, जिथं जायचं तिथं बघायचं." उसाच्या ट्रॉल्या चुकवत मी तिथं शेकडो वेळा गेले असेन. पुढं सुप्याच्या एमआयडीसीत मशीनचे सुटे भाग मोजून तपासायची नोकरी लागली, नगरला खोली घेतली, तरी रविवार गॅरेजमध्येच जायचा. दुपारी तो जेवायला बसला की गिऱ्हाईक मीच बघायचे.

त्या गॅरेजमधली एक गोष्ट आधी सांगायला हवी. दहावी-बारावीचे निकाल लागले की बाप लोक पोरांसाठी गाड्या घ्यायचे आणि आठ दिवसांत भावाकडं घेऊन यायचे. पोरगं बाहेर मित्रांना गाडीचे पेढे वाटत असायचं आणि बाप आत येऊन हळूच म्हणायचा, "जरा बांधून द्या." म्हणजे काय, तर एक्सलेटरची तार जिथं इंजिनापाशी जाते तिथं एक लहान चाक असतं. त्या चाकाच्या वाटेत लोखंडाचा एक बारका तुकडा बसवायचा. पोराला वाटतं मूठ पुरी पिळली, पण इंजिन उघडतं पाऊणच. पोरगं खूश, बाप निवांत झोपणार. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांच्या गाड्या अशा बांधलेल्या असतील आणि ती पोरं पारावर बसून "माझी लई पळती" म्हणून भांडत असतील. मला याचं फार हसू यायचं. मी पाना धरायचे, बॅटरी धरायचे, आणि पोरगं गाडीवर बसून गेलं की आम्ही दोघं बहीणभाऊ पोट धरून हसायचो.

मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा कंपनीतल्या एकाकडून कळलं की दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर हौशी लोकांच्या शर्यती होतात. बायकांची वेगळी शर्यत असते, चारशे सीसीच्या आतली स्वतःची गाडी घेऊन जायचं, आधी दोन दिवस शिकवतात आणि मग पळवतात. माझं डोकंच फिरलं. घरी सांगितलं तर आईनं देव पाण्यात घातले, पण भाऊ म्हणाला, "जाऊ दे तिला. मी हाय ना बरोबर." त्या एका वाक्यासाठी मी त्याचे पाय धरले असते. ओव्हरटाइम करकरून पैसे साठवलेच होते, आता गाडी शोधायची होती.

पहिली गाडी आम्ही नगरात बघितली. एका सिलिंडरची, हलकी, नवीन मॉडेल. बसले आणि उठावंसं वाटेना. हँडल खाली, पाय मागं, टाकीला गुडघे असे घट्ट बसतात की गाडी आपल्याच अंगाचा भाग वाटते. बायपासवर एक चक्कर मारली. वळणातून बाहेर पडताना जरा मूठ दिली तर पुढचं चाक हलकं झालं, आणि हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत सुटले. परत येऊन म्हटलं, "दादा, हीच."

दादा खाली बसला होता. पुढच्या शॉकअपला हात लावून बघ, हँडलच्या टोकाला घासल्याच्या खुणा बघ, इंजिनाच्या कव्हरवर नवीन रंग आहे का बघ. शर्यतीसाठी जुनी गाडी घेताना किती किलोमीटर चालली हे कुणी विचारत नाही, किती वेळा पडली हे विचारतात. ती एकदाही पडलेली नव्हती. पण तो उठला आणि मान हलवली.

"हिला तार न्हाई," तो म्हणाला. "मूठ पिळली की वायरीतनं कॉम्प्युटरला निरोप जानार, मग कॉम्प्युटर ठरवनार किती उघडायचं. तुझ्या हाताच्या आन इंजिनाच्या मधी तिसरा मानूस कशाला? आन ट्रॅकवर बिघडली तर मी काय करनार तिथं? डोक्याला हात लावून बसनार. तारेची गाडी घे. तार तुटली तर मी पाच मिनिटांत टाकतो."

मला ते इतकं पटलं! कंपनीत जाऊन मी सगळ्यांना तेच सांगत सुटले. हात आणि इंजिन यांच्यात तिसरा माणूस नको. कसलं भारी बोलला माझा भाऊ, असं वाटायचं. आज ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्यानंतर सहा महिने आम्ही गाड्याच बघत होतो. पुण्याची एक चार सिलिंडरची होती, आवाज असा की काळजात धडकी भरावी, पण ती आमच्या वर्गात बसत नव्हती. संगमनेरची एक दिसायला झकास, पण भावानं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून दाखवली. चौकट बोटभर वाकलेली. मालकाला म्हणाला, "पाव्हनं, ही गाडी सरळ रस्त्यावर सुदिक वळती की हो." मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. असा माणूस बरोबर असताना मी कशाला काही तपासू? डोळे झाकून विश्वास होता.

शेवटी गाडी मिळाली ती सुप्यातच. दोन सिलिंडरची, तीनशे सीसी, जरा जुनी, आणि तारेची. पहिलीसारखी झटका देणारी नव्हती, पण इंजिन जसजसं वर फिरेल तसतशी जोर धरायची. भाऊ म्हणाला ट्रॅकला हीच बरी, वळणात दगा देत नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडवर थोडी चालवून बघितली, कंटेनरांच्या गर्दीत पुरी मूठ द्यायला जागा कुठली? घेतली. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला हार घातला. पहिल्याच रविवारी पाटाच्या रस्त्यावर भावानं मोबाईल लावून माझी वेळ घेतली, पुलापासून वडाच्या वळणापर्यंत आणि परत. मग तो स्वतः गेला, मी त्याची घेतली. माझी कमी भरली. तो हसला, "तायडे, तू तर गुरूला मागं टाकलंस की," म्हणाला, आणि मोबाईल हातात घेऊन पुन्हा एकदा आकडा बघितला.

नंतर चार दिवस गाडी गॅरेजमध्ये होती, शर्यतीसाठी तयार करायला. आरसे काढायचे, दिव्यांवर टेप लावायची, बोल्टांना बारीक तार बांधायची म्हणजे ते निसटत नाहीत. घ्यायला गेले तर मूठ लवकर थांबत होती. मी विचारलंसुद्धा. म्हणाला, "आखूड केलीया. रेसवाले करत्यात तसं. मनगट कमी वळवावं लागतं." हे खरंच करतात. मी इंटरनेटवर वाचलेलं होतं. म्हटलं, अगं बाई, माझ्या भावाला हेसुद्धा माहीत! किती ते कौतुक.

पिकअपमध्ये गाडी बांधून आम्ही दोघं गेलो. ट्रॅक बघून रडूच आलं, चांगल्या अर्थानं. समोरून कुणी येणार नाही, कुत्रं नाही, ट्रॉली नाही, नुसता काळा गुळगुळीत रस्ता. शिकवणारे एक वयस्क सर होते, पूर्वी स्वतः शर्यती केलेले. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"वळणात तू इथल्या सगळ्या बायकांच्या पुढं आहेस," ते म्हणाले. "पण मोठ्या सरळ पट्टीवर मागं पडतेस. मूठ सोडतेस का?"

"नाही सर. पुरी उघडते."

"मग गाडी तपासून घ्या."

माझा भाऊ शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "गाडी मी स्वतः बघितलीय सर," तो म्हणाला. "शंभर टक्के ओके हाय. तिचा हात सुटतो. तिला कळत न्हाई."

सरांनी मान डोलावली. म्हणाले, असं होतं, वेगाची भीती मनाला कळायच्या आधी हाताला कळते. आणि दुसरा पूर्ण दिवस त्यांनी मला भीती कशी घालवायची ते शिकवलं. श्वास कसा घ्यायचा, नजर किती लांब टाकायची. मी पट्टीवर जाताना मोठमोठ्यानं ओरडायचे, "सोडायची नाही, सोडायची नाही," आणि मूठ अशी पिळायचे की तळहाताला फोड आले. तरी शेजारून बायका भुर्रकन निघून जायच्या. आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथं, आल्यावर भाऊ पाण्याची बाटली पुढं करून विचारायचा, "उघडली का?" मी म्हणायचे, उघडली. तो म्हणायचा, "आपल्याला वाटतं उघडली."

शर्यतीत मी शेवटून तिसरी आले. प्रत्येक फेरीत वळणात दोघींना गाठलं आणि प्रत्येक फेरीत पट्टीवर त्या दोघी मला टाकून गेल्या. संपल्यावर टायरांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसून मी ढसाढसा रडले. तो येऊन बसला. चहा आणला होता. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सोड ना तायडे. समद्यांच्यात तेवढा दम नसतो. त्यात काय वाईट वाटून घ्यायचं?"

आणि मी सोडलं. शर्यतीसाठी घेतलेला चामड्याचा सूट विकून टाकला. गाडी नाही विकली, आरसे-दिवे परत लावून रोज नगर ते सुपा तिच्यावरूनच जायला लागले. सात वर्षं. पण फक्त शर्यत सुटली असती तर एवढं लिहिलं नसतं. मला माझ्याबद्दल एक गोष्ट कळली आहे असं मी धरून चालले होते, की ऐन वेळी आपला हात सुटतो आणि आपल्याला कळतही नाही. कंपनीनं मला तीन महिने जर्मनीला ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं होतं, मीच साहेबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. कारण विचारलं तर घरचं काहीतरी सांगितलं. खरं कारण ते टायरांशेजारचं होतं. एका स्थळाला होकार द्यायचा होता, तिथंही मी मागं सरले. मुलगा चांगला होता. भीतीला भीती म्हणून ओळखताच येत नसेल तर माणूस स्वतःवर भरवसा तरी कशाच्या जोरावर ठेवणार?

गेल्या हिवाळ्यात कंपनीच्या गेटजवळ एक्सलेटरची तार तुटायला आली. श्रीरामपूर लांब, म्हणून सुप्यातल्याच एका चाचांकडं गाडी नेली. म्हातारे मेकॅनिक, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी टाकी उचलली, नवी तार टाकली आणि म्हणाले, "ताई, मूठ पिळा जरा."

पिळली.

"पुरी पिळा."

"पुरीच आहे चाचा."

"मग हे चाक अजून एवढं का ऱ्हायलं?" त्यांनी बोट घालून दाखवलं आणि हसायला लागले. "अहो, ही गाडी कुणाच्या पोराकडून घेतली तुम्ही? बापानं बांधून घेतलेली दिसती. आणि तुम्ही एवढी वर्षं तशीच चालवता!"

मी वाकून बघितलं. तुकडा होता. कडा कानशीनं गोल केलेल्या, आणि बोल्टावर लाल रंगाचा ठिपका. बोल्ट घट्ट केला की लाल ठिपका द्यायची सवय श्रीरामपुरात एकाच माणसाला आहे, आणि त्या रंगाची डबी कितीतरी वेळा मी धरलेली आहे. चाचांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. विचारत होते, काय झालं ताई, काय झालं. काय सांगू? माझ्या भावानं केसानं माझा गळा कापला, हे सांगू?

तुकडा काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत मायक्रोमीटरमध्ये धरला. का धरला कोण जाणे, हाताला तेच येतं. दोन्ही बाजू एकसारख्या, शतांश मिलिमीटरचाही फरक नाही. बापांच्या गाड्यांना तो पत्रा कापून कसातरी ठोकायचा. माझ्यासाठी बसून घासला होता. इतकी काळजी घेतली होती! मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत कामाला लागले.

रविवारी गॅरेजमध्ये गेले. तो एका बुलेटचं चाक काढत होता. मी तुकडा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यानं बघितलं, चिंधीला हात पुसले, परत बघितलं.

"कवा कळलं?" तो म्हणाला.

"एवढंच विचारायचंय तुला?"

"तू पडली असतीस तायडे. त्या दिवशी पाटावर तू ज्या वेगानं वळलीस, माझ्या छातीत कळ आली. आईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"मग नेलंस कशाला? नाही म्हणायचंस!"

"तू ऐकली असतीस व्हय?" मग म्हणाला, "आन त्या पोरांच्या टायमाला तू बी हसायचीस की."

खोटं कशाला सांगू, ते लागलं. हसायचे मी. पण मी त्याला म्हटलं, आणि हे मी आधी मनात घोकलेलं नव्हतं, तिथंच तोंडातून आलं, की "दादा, तू गाडी बांधलीस ते मी एक वेळ गिळलं असतं. पण मी तिथं बसून रडत होते तेव्हा तू म्हणालास माझ्यात दम नाही. तुला माहीत होतं. चहा घेऊन आलास आणि म्हणालास. त्या तुकड्याबद्दल एक शब्द बोलला असतास तर मी तिथल्या तिथं हसले असते रे!"

त्यानं बुलेटचं चाक उचललं आणि परत खाली ठेवलं. वहिनीनं आतून जेवायला हाक मारली. मी जेवले नाही.

या वर्षी मी त्या ट्रॅकवर परत गेले. एकटी. शर्यतीला नाही, नुसत्या सरावाच्या दिवसाला, भाड्याचा सूट घालून. वय बत्तीस, पण वळणं हात विसरला नव्हता. मोठी पट्टी आली. आता चाकासमोर काही नाही, हे मी सकाळी स्वतः बोट घालून तपासलं होतं. मूठ पिळली, पाऊण आली आणि थांबली. वाटलं, काहीतरी अडकलं. पिटमध्ये येऊन टाकी उचलली, गाडी उभी ठेवून मूठ पिळली तर पुरी उघडते. परत गेले. परत पाऊणवर थांबली. चार फेऱ्या झाल्यावर कळलं, मनगटच वळत नाही. सात वर्षं रोज जिथं थांबलं तिथंच ते थांबतंय. मी हेल्मेटमध्ये ओरडले, शिव्या दिल्या, स्वतःला आणि त्याला. हात ऐकेना. आता ही भीती आहे की सवय, कोण सांगणार? आणि पंचवीसची असताना मी पुरी मूठ उघडली असती का, हे तर आता देवालाही सांगता येणार नाही. तेवढं एक कळायला मी गेले होते.

दुपारी त्याचा फोन आला. त्याला आईकडून कळलं होतं.

"कसं झालं तायडे?"

"मूठ पुरी उघडत नाही," मी म्हटलं.

"तुकडा काढला न्हाईस का?"

"काढला."

पलीकडं गॅरेजमध्ये कुणाची तरी गाडी चालू होती, ती त्यानं बंद करायला लावली. त्यानं फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.